बकेट लागली, पण काही झालं नाही

खोदकामात गॅसची पाइपलाइन फुटली की बातमी होते. रस्ता बंद, अग्निशमन दलाची गाडी, बघ्यांचे व्हिडिओ. मला बोलायचंय ते अशा प्रसंगाबद्दल, ज्याची बातमी होत नाही. जेसीबीची बकेट खाली जाते, खण्णकन आवाज येतो, ऑपरेटर बकेट वर घेतो. सगळे वाकून बघतात. लोखंडी पाइप, त्याचं वरचं आवरण सोललेलं, एक लांब ओरखडा. वास नाही, फुसफुस नाही. कुणीतरी म्हणतं, "लागलं, पण काही झालं नाही." चारी बुजते. मशिन पुढे सरकतं.

या वाक्यातला 'काही झालं नाही' हा भाग खोटा आहे. जमिनीतल्या पोलादी पाइपवर आवरण असतं ते ओल लागू नये म्हणून. ते सोललं की गंज तिथूनच धरतो. ओरखड्याच्या जागी पाइपची भिंत पातळ झालेली असते, आतला दाब कमी-जास्त होत राहतो, आणि सगळा ताण त्या एका जागी येतो. वास आला नाही म्हणून निश्चिंत व्हावं, तर नैसर्गिक वायूला मुळात वासच नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो साधारणपणे गॅस शहराच्या वेशीवर आल्यावर मिसळतात. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिनीत तो असेलच असं नाही.

अमेरिकेत बेलिंगहॅम नावाच्या गावी 10 जून 1999 रोजी पेट्रोलची वाहिनी फुटली, पेट्रोल ओढ्यात उतरलं आणि पेटलं. दहा-दहा वर्षांची दोन मुलं आणि मासे धरायला गेलेला अठरा वर्षांचा एक तरुण गेला. चौकशीत निघालं की त्या पाइपला मार बसला होता 1994 मध्ये, शेजारी जलशुद्धीकरण केंद्राचं काम चालू असताना. म्हणजे खोदकाम झालं तेव्हा ती मुलं पाच वर्षांची होती. (कंपनीलाही तपासणीत तिथे काहीतरी वेगळं दिसलं होतं, पण तिने उकरून पाहिलं नाही. गप्प बसणारे फक्त जेसीबीवरच असतात असं नाही.) बेल्जियममधल्या गिलेंगियनला 30 जुलै 2004 रोजी गॅसची वाहिनी फुटून 24 माणसं गेली. गळतीची खबर मिळाल्यावर धावून आलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यात होते. तिथेही पाइपवर आधीच्या बांधकामातल्या यंत्राचे ओरखडे होते.

दोष नक्की कधी घडला, हा प्रश्न मला इथे छळतो. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये 'नैतिक नशीब' या कल्पनेवर निबंध लिहिले. दोन माणसं सारखाच निष्काळजीपणा करतात, एकाच्या हातून माणूस मरतो, दुसऱ्याच्या हातून काहीच घडत नाही, आणि आपण पहिल्यालाच गुन्हेगार धरतो. हे बरोबर की चूक? न विचारता खोदणाऱ्या दोन ऑपरेटरांपैकी एकाला पाइप लागतो, दुसऱ्याला नुसता मुरूम. विचारलं नाही हा दोष दोघांचा सारखाच, हे मला पटतं. पण ओरखड्याची गोष्ट या जोडीत बसत नाही. तिथे नशिबाने एक फट ठेवलेली असते. घाव बसलाय आणि अनर्थ व्हायचाय, या मधल्या काळात माणूस बोलू शकतो. बकेट नकळत लागली असेल, चारी मात्र बघून-सवरून बुजवलेली असते. म्हणून माझ्या हिशेबी खरा दोष दुसऱ्या ढिगाऱ्याचा, पहिल्या खड्ड्याचा नाही.

मी महाळुंगे पडवळचा. आमच्याकडे पाइपलाइन म्हटलं की आधी आठवते ती पाण्याची. नदीवरून, विहिरीवरून आणलेल्या, चार-चार जणांच्या बांधांखालून गेलेल्या प्लॅस्टिकच्या लाइनी. नकाशा कुणाकडेच नाही. खोदण्याआधी विचारायचं, "इथून कुणाची लाइन गेलीय का रं?" मग एखादे आबा काठीने दाखवणार, त्या बाभळीपासून सरळ विहिरीपर्यंत. ही रीत टिकली कारण ती न पाळणाऱ्याची लबाडी लगेच उघडी पडते. लाइन फुटली की वाफ्यात चिखल होतो, शेजारी बांधावर येऊन उभा राहतो. आणि तो शेजारी उद्याही शेजारीच असतो.

गॅसच्या वाहिनीला असा शेजारी नाही. 1962 च्या कायद्याने जमीन शेतकऱ्याचीच राहते, फक्त तिच्याखालून पाइप नेण्याचा वापरहक्क घेतला जातो. बदल्यात बाजारभावाच्या 10 टक्के. त्या पट्ट्यात पीक घ्यायचं, पण घर बांधायचं नाही, विहीर पाडायची नाही, झाड लावायचं नाही. सातबाऱ्यावर नाव आपलं, खाली गॅस दुसऱ्याचा, आणि स्वयंपाकघरात बहुतेकदा सिलिंडरच. या माणसाला 'राष्ट्रीय संपत्ती जपा' असं फलकावरून सांगणं मला जरा निर्लज्जपणाचं वाटतं. तरी त्याने विचारून खोदावं, असंच मी म्हणेन, कारण पाइप फुटल्यावर आग कंपनीच्या कार्यालयात लागत नाही. ती त्याच्याच उसात लागते.

विचारणं आता फुकट आहे. 22 मार्च 2023 रोजी सुरू झालेलं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप खोदणाऱ्याला जमिनीखालच्या मालमत्तेच्या मालकाशी जोडून देतं. आबांच्या काठीचं काम फोनवर. वाहिनीवरच्या खुणेच्या खांबांवर आपत्कालीन नंबर असतो. लाइनीजवळ मशिन बंद करून हातानेच उकरायचं, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण सांगणं अजून फार महाग आहे, आणि ते सगळ्यात महाग पडतं ऑपरेटरला. तो तासावर. मशिन दुसऱ्याचं, ठेका तिसऱ्याचा, जमीन चौथ्याची. "पाइपला लागलंय" म्हणाला की काम थांबणार, भरपाई कुणी द्यायची यावर भांडण, आणि उद्यापासून दुसरा ऑपरेटर.

आमच्या गावात ड्रायव्हरची एक गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. सांगतात ते असं, की ट्रकच्या हिंदी ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि माणसावर गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोरा सार्जंट स्वतः चाकामागे बसला. आम्ही पुतळे बाबू गेनूचे उभारतो, डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्याचंच नाव आहे, आणि ते योग्यच. पण मला तो ड्रायव्हरही आठवत राहतो. नोकरी त्याचीही होती. आणि त्याच्यापुढे निदान माणूस दिसत होता. आजच्या ऑपरेटरपुढे दिसतो फक्त पाइपवरचा एक ओरखडा. ज्यांच्यासाठी थांबायचं, ते कदाचित अजून पाळण्यात असतील. एवढं नैतिक बळ आपण तासावर राबणाऱ्या माणसाकडून कशाच्या जोरावर मागतो?

विमानवाल्यांनी यावर एक व्यवहारी तोड काढली. अमेरिकेत 1976 पासून, म्हणजे नैतिक नशिबाचे निबंध आले त्याच वर्षापासून, वैमानिक आपली नकळत झालेली चूक नासाकडे गोपनीयपणे कळवू शकतात. मुदतीत कळवली तर सहसा दंड माफ होतो. अशाने बेफिकिरी वाढेल, अशी शंका घेता येते, आणि ती अगदीच पोकळ नाही. म्हणून माफी सांगणाऱ्यालाच हवी, बुजवणाऱ्याला नाही. शिवाय त्यात पैशाचाही प्रश्न आहे. ठेकेदाराच्या करारात एक ओळ असावी: पाइपला बकेट लागल्याचं ऑपरेटरने कळवलं, तर तपासणी होईपर्यंत मशिन जितके तास उभं राहील, तितक्या तासांची मजुरी त्याला मिळेल. ती पाइपवाल्या कंपनीने द्यायची, ठेकेदाराने की जमीनमालकाने, यावर खुशाल भांडावं. ऑपरेटरला त्या भांडणात ओढू नये.