आधी मशीन उघड, मग डिस्क शोध

बस खाली. ती डिस्कची थैली टेबलावर ठेव. किती जमवल्यास ते मोजून दाखवू नकोस.

आडत्याचं कॉम्प्युटर पुसेगावच्या तुझ्या दुकानात आलं तेव्हा त्यात काय होतं? पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी, साधा सीडी-रॉम ड्राइव्ह आणि टकटक वाजणारी ४० जीबीची हार्डडिस्क. कॅबिनेट उघडलं असतंस तर क्षणात कळलं असतं. तू उघडलंस का? नाही. हिंगोलीच्या मित्राकडून चार जीबीची ‘ऑल इन वन’ डीव्हीडी मागवलीस, कारण तिच्या मेन्यूत ढीगभर टूल्स दिसतात. अरे, सीडी-रॉममध्ये डीव्हीडी कधी चालली? मग दुसरा ड्राइव्ह लावलास, तर स्क्रीनवर सरळ लिहून आलं की कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवाय, इथे आय६८६ सापडला. म्हणजे डिस्क ६४ बिटची, मशीन ३२ बिटचं. आणि तू त्या माणसाला सांगितलंस, “मदरबोर्ड गेला!” इंग्रजी तुला वाचता येतं. वाचायचा कंटाळा आहे, एवढंच.

त्या थैलीतली हिरेन्सची पीई डिस्क वाईट नाही, पण ती ६४ बिटची आणि तिला ५१२ एमबीच्या कितीतरी पट रॅम लागते. जी मशीन तुझ्याकडे येतात त्यांच्याकडे बघून सांग, तिचा उपयोग किती.

आता म्हणशील, मग सगळ्यात छोटी घेतो. डॅम स्मॉल लिनक्स ना? मला माहीत होतं. ५० एमबीत बसवलेलं, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावणारं. कौतुकाची गोष्ट आहे, नाकारत नाही. पण ते जुनं डीएसएल कर्नल २.४ वर उभं. एक्सपीच्या एनटीएफएस डिस्कवर त्याच्याकडून भरवशानं काही लिहून होणार नाही. २०२४ मध्ये ते नव्यानं आलं तेव्हा बनवणाऱ्यांनीच मर्यादा ५० वरून ७०० एमबीवर नेली, म्हणजे एका साध्या सीडीएवढी. छोटं म्हणजे किती छोटं, हे काम ठरवतं. तुझी हौस नाही.

आडत्याच्या मशीनचं काम काय होतं? विंडोज टाकणं नव्हे. आधी हिशेब बाहेर काढणं! सोयाबीन, हळद, कोणाचे किती येणे, सगळं टॅलीच्या फोल्डरमध्ये. त्यासाठी ३२ बिटची, सीडीत मावणारी आणि डीडीरेस्क्यू असलेली डिस्क हवी. सिस्टमरेस्क्यूसीडीची पाचव्या मालिकेतली आवृत्ती घे. २०१९ मध्ये त्यांनी पाया बदलून आर्च लिनक्स घेतला. त्याच्या आधीची ही मालिका, तिच्यात ३२ बिटचं कर्नल वेगळं निवडता येतं. आताची आवृत्ती ७०० एमबीत मावत नाही. नुसत्या फायली बघून कॉपी करायच्या असतील तर ३२ बिटचं पपी लिनक्स ठेव. बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं, रॅम पुरली तर सगळंच रॅममध्ये जाऊन बसतं आणि ड्राइव्ह मोकळा होतो. इतक्या जुन्या डिस्कवरून बँकेची कामं मात्र करत बसू नकोस.

आणि टकटक वाजणाऱ्या हार्डडिस्कवर चेकडिस्क चालवलंस, ते कोणी शिकवलं? मी तर नाही. मरणाऱ्या डिस्कला दुरुस्त करत बसलं की उरलेलाही डेटा जातो. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा मागे ठेवतं आणि कुठवर आलं ते मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही; मॅपफाईल असेल तर काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पण ती बाहेरच्या डिस्कवर ठेव. रॅममध्ये ठेवलीस तर वीज जाताच तीही जाईल. बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा ४० जीबीची प्रत घ्यायच्या आधी तिचा फॉरमॅट बघ.

आणखी एक. टॅली काढून आलास की झालं, असं समजू नकोस. आडत्याच्या नोटिसा, पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली असतील. सोबत विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर आणला नाहीस, तर नव्या मशीनवर त्याचं मराठी इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखं दिसेल आणि तू परत म्हणशील, फाईल करप्ट आहे.

सीडी कमी वेगानं बर्न कर, नंतर तपासून घे. ड्राइव्हची लेन्स पूस. मशीनला हात लावायच्या आधी रॅम किती, प्रोसेसर ३२ का ६४ बिट, बूट सीडीवरून का यूएसबीवरून, हे वहीत लिहून ठेव. पुढच्या वेळी मी आधी ती वही बघणार आहे.

आणि आडत्याला फोन मी करणार नाही. मदरबोर्ड चांगला आहे, हे तूच सांगायचंस. आत्ता, माझ्यासमोर.