खाल्ल्या मिठाला जागताना

माझी मावसबहीण सोळा वर्षांची. एका एक्स्चेंज संस्थेमार्फत ती शाळेचं एक वर्ष अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात शिकायला निघाली. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. ती ज्यांच्या घरी राहणार, त्या घरातल्या प्रत्येक प्रौढाचा गुन्हेगारी इतिहास तपासतात, हे ऐकून मावशी ओशाळली. "अरे, परक्या मुलीला वर्षभर सांभाळणार आणि त्यांचीच चौकशी?"

तिचं ओशाळणं मला समजलं. शालेय वर्षाच्या या कार्यक्रमात यजमानांना मोबदला देता येत नाही, असा तिथला नियमच आहे. फुकट चांगुलपणा करणाऱ्यांवर सरकारनं संशय का घ्यावा?

मला आजोबा आठवले. ते पुण्यात वार लावून जेवायचे. एका घरी त्यांना दर आठवड्याला शिळं वाढायचे. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही. ज्यांचं मीठ खातो, त्यांच्याबद्दल बोलायचं कसं? खानावळीत पैसे मोजले असते तर ते भांडले असते. उपकारानं तोंड बंद होतं. त्यामुळे फुकटच्या घरात राहणाऱ्या मुलाला बाहेरच्या माणसाची गरज जास्तच असते.

संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीनं दर महिन्याला मुलाशी बोलायचं, असा नियम आहे. पण घर त्याच संस्थेनं शोधलेलं असतं. स्वतःच्या कोडमधले बग स्वतःला दिसत नाहीत, हे मी रोज अनुभवतो. वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये अशा संस्थांसाठी कायदा केला. संस्थेनं राज्याकडे नोंदणी करायची. मुलाला, यजमानांना आणि शाळेच्या अधिकाऱ्यांना माहितीपत्रक द्यायचं. त्यात संस्थेचा फोन नंबर हवा आणि राज्याच्या कार्यालयाचाही. त्या कार्यालयाचं मीठ मुलानं खाल्लेलं नसतं.

नोंदणी म्हणजे सरकारची शिफारस नव्हे, हेही तोच कायदा सांगतो. यादीत नाव आलं म्हणून कुणी चांगलं ठरत नाही. चांगुलपणाची खात्री सरकार देऊच शकत नाही; तक्रार ऐकायला कुणीतरी ठेवू शकतं.

बहिणीनं दोन्ही नंबर मोबाइलमध्ये घेतले. पण वेळ आली तर ती फोन करेल का? आम्ही तिला लहानपणापासून खाल्ल्या मिठाला जागायला शिकवलंय. त्रास सांगणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. ते कुठल्याही राज्याच्या माहितीपत्रकात येणार नाही. विमानतळावर निघायच्या आधी मावशीलाच सांगावं लागेल.