दुसऱ्याच्या नावाचे पाणी



उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी प्रभू येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांचे शुभवर्तमान आपण ऐकतो आणि घरी जाऊन माठातले गार पाणी पितो. नळाला पाणी आले नाही तर कुरकुर करीत टँकर मागवतो. अरण्यातली तहान आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. म्हणून आज एका खऱ्याखुऱ्या वाळवंटाकडे पाहू या.

अमेरिकेत, टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणाशी बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आहे. १९४४ साली ते स्थापन झाले. 'उद्यान' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाग आणि झोपाळे येतात. इथे सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचा काटेरी, दगडाळ मुलूख आहे आणि मधोमध चिसोस डोंगर उभे आहेत. लोक पाठीवर बोजा घेऊन इथे दिवसचे दिवस चालतात, रात्री तंबू ठोकतात. मोबाइल बहुतेक ठिकाणी लागत नाही. झऱ्यांचा भरवसा नाही आणि जे थोडे पाणी असते त्यावर वन्य प्राणी जगतात. म्हणून माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी बरोबर घ्या, असे उद्यानाचे अधिकारी बजावून सांगतात.

हे उगाच नाही. जून २०२३ मध्ये एक माणूस आपल्या दोन सावत्र मुलांसह मारुफो वेगा या वाटेने गेला. त्या वाटेवर ना सावली, ना पाणी. पारा ४८ अंशांवर होता. धाकटा, चौदा वर्षांचा मुलगा बेशुद्ध पडला. मोठा भाऊ त्याला उचलून आणू लागला आणि बाप मदत आणायला धावला. धाकटा वाटेतच गेला. बापाची गाडी रस्त्यावरून खाली कोसळली आणि तोही गेला. त्या कुटुंबासाठी आपण प्रार्थना करू या. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण आपणही पुष्कळदा असेच निघतो.

चिसोसला वळसा घालणारी सुमारे ४८ किलोमीटरची एक वाट आहे. तीन दिवसांचे पाणी पाठीवर वाहणे बहुतेकांना झेपत नाही. म्हणून चालणारे लोक आधीच गाडीने जाऊन होमर विल्सन यांच्या जुन्या, ओस पडलेल्या गोठ्याघराजवळ पाणी ठेवून येतात. तिथे अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा लोखंडी पेट्या आहेत. कॅनवर आपले नाव आणि आपण कधी पोहोचणार ती तारीख लिहायची, एवढेच.

आता विचार करा. आपण दिवसभर डॉडसनच्या उघड्या वाटेने चालून आलो आहोत, बाटलीत घोटभर पाणी उरले आहे. पेटी उघडली तर आपल्या कॅनशेजारी दुसऱ्याचा कॅन आहे. पाहायला कोणी नाही. मत्तय आणि लूक सांगतात की सैतानाने प्रभूला पहिला मोह घातला तो भुकेच्या वेळी, एकांतात, आणि तोही साध्या भाकरीचा. मोह असाच येतो. जीवच जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोणी आपल्याला चोर म्हणणार नाही. पण पुष्कळदा जीव जात नसतो, फक्त आणखी थोडे हवे असते.

एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली मरण मागत निजला होता. जागा झाला तेव्हा उशाशी भाकर आणि पाण्याचे भांडे होते. ते कोणीतरी त्याच्यासाठी आणून ठेवले होते, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती.

पेटीतल्या त्या दुसऱ्या कॅनवर उद्याची तारीख आहे. ज्याचे नाव त्यावर लिहिले आहे, तो अजून वाटेवर चालतो आहे.