साखळी सोडण्यापुरता वेळ

(शास्त्रवाचन : लूक १३:१०-१७, नीतिसूत्रे १२:१०)



या महिन्याच्या मननासाठी घेतलेला विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. प्रार्थना, दशांश, मुलांचे शिक्षण हे विषय मंडळीत नेहमी निघतात. पण दारातल्या कुत्र्याला वेळ देणे हा काय उपदेशाचा विषय झाला? आमचे म्हणणे असे की, आपला प्रभू सभास्थानात उभा राहून गोठ्यातल्या बैलाविषयी बोलला असेल, तर आपल्यालाही अंगणातल्या कुत्र्याविषयी बोलण्यास संकोच नसावा.

लूककृत शुभवर्तमानातील तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या एका स्त्रीला प्रभू येशूने शब्बाथ दिवशी बरे केले, आणि सभास्थानाचा अधिकारी रागावला. कामाचे सहा दिवस असताना शब्बाथ दिवशीच हे कशाला, असे तो लोकांना म्हणू लागला. त्याला उत्तर देताना प्रभूने मोठे तत्त्वज्ञान मांडले नाही. तुम्ही सर्व जण शब्बाथ दिवशीसुद्धा आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता की नाही, एवढेच त्याने विचारले. मग या अब्राहामाच्या कन्येला तिच्या बंधनातून का सोडवू नये?

या उत्तरातील स्त्रीविषयीचा भाग आपण अनेकदा ऐकला आहे, आणि तोच मुख्य आहे. परंतु ज्या पायरीवर पाय ठेवून प्रभू तेथे पोहोचला, त्या पायरीकडेही आज पाहू या. जनावराला सोडणे, बरोबर चालत नेणे आणि पाणी पाजणे, या तीन गोष्टी प्रत्येक घरी होतातच, असे प्रभूने गृहीत धरले. पाण्याचे भांडे दुरून पुढे सरकवण्याचा तेथे उल्लेख नाही. धन्याने उठावे, गाठ सोडावी आणि जनावराच्या चालीने चालावे, हे विश्रांतीच्या पवित्र दिवशीही चालत असे. हाच प्रश्न प्रभूने आज आपल्या दारी येऊन विचारला, तर आपण काय उत्तर देऊ?

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या मराठी घरांचेच उदाहरण घेऊ. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, तामसी या भागांत घरात मराठी, शाळेत व कचेरीत तेलुगू, आणि शेतात कापूस, सोयाबीन व तूर, असे आपले जीवन आहे. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर पेरणी, मग निंदण, खुरपण आणि फवारणी. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की घरातील माणसे अंधारात उठतात. वडील कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजारात जातात, आई वेचणीला किंवा नोकरीला, मुले शाळेला आणि तेथून शिकवणीला. रात्री सारी एकत्र आली तरी जो तो आपल्या मोबाईलमध्ये डोके घालून बसतो. घाई खरी आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला आळशी ठरविण्याचा आमचा हेतू नाही.

पण या घाईतच कुत्र्याची कहाणी घडते. हिवाळ्यात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. नाताळच्या किंवा संक्रांतीच्या सुटीत मुले हट्ट करून त्यांतले एक घरी आणतात. त्याचे नाव ठेवले जाते, बशीत दूध मिळते आणि मांडीवर जागाही मिळते. पुढे परीक्षा जवळ येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. जूनमध्ये शाळा आणि पेरणी एकदमच सुरू होतात. तोपर्यंत पिल्लू सहा महिन्यांचे झालेले असते. ते चपला चावते, पाहुण्यांवर झेप घेते. मग त्याच्या गळ्यात साखळी पडते, आणि ती एकदा पडली की सोडण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसल्यामुळे ती सुटतच नाही. भाकरी मिळते, पण माणूस मिळत नाही. बैलाच्या वाट्याला वर्षातून एक दिवस पोळा तरी येतो. साखळीवरच्या राखणदाराला तेवढाही दिवस नाही.

आता नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन पाहा. नीतिमान मनुष्याचे आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष असते, असा त्याचा आशय आहे. तेथे मूळ हिब्रू भाषेत जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ 'जाणणे' असा होतो. नीतिमान माणूस आपल्या जनावराचा जीव जाणतो. ही जाण विकत मिळत नाही आणि घाईत येत नाही. कुत्रा आज जेवला का नाही, कान का झाडतो आहे, पाय का उचलून धरतो, कालपर्यंत धावत येणारा आज कोपऱ्यात का पडला आहे, हे ज्याने त्याच्याजवळ रोज थोडा वेळ घालविला त्यालाच कळते. चारा किंवा भाकर टाकणारा हात अनोळखी असू शकतो. जाणणारा हात अनोळखी असू शकत नाही. म्हणून शलमोनाच्या त्या सूत्रात वेळ हा शब्द नसला, तरी वेळ दिल्याशिवाय ते पाळता येत नाही.

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रात कुत्र्याला मान कोठे आहे? हे खरेच की, तेथे बहुधा वेशीबाहेर भटकणारी, अशुद्ध मानलेली कुत्री आढळतात. तरी सुरफुनीकी स्त्रीच्या संवादात (मार्क ७:२४-३०) मेजाखाली बसून मुलांच्या हातून पडलेला चुरा खाणाऱ्या लहान कुत्र्यांचा उल्लेख येतो. ती घरातलीच असली पाहिजेत. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या दाखल्यात गरिबाची मेंढी त्याच्याच ताटात जेवते आणि त्याच्या उराशी निजते (२ शमुवेल १२:३). राजाचे मन त्या वर्णनाने हलले. आणि दहा आज्ञांतील विसाव्याच्या आज्ञेत तर घरधन्याबरोबर त्याच्या जनावरांचीही नोंद आहे (निर्गम २०:१०).

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसे उपाशी असताना, कापसाचा भाव पडून कुटुंबे कर्जात बुडाली असताना, कुत्र्याचे कौतुक कशाला? हा प्रश्न योग्य आहे, आणि जो आपल्या कुत्र्याला लोणी चारतो पण शेजारच्या विधवेची विचारपूस करीत नाही, त्याचा निषेधच केला पाहिजे. लाजराच्या दाखल्यात कुत्री त्या दरिद्री माणसाजवळ आली, श्रीमंत मात्र आला नाही, हे आपण विसरू नये. परंतु प्रभूने बैल आणि वाकलेली स्त्री यांना एकमेकांसमोर उभे करून एकाचे काढून दुसऱ्याला दिले नाही. जो हात गव्हाणीची गाठ सोडतो त्याच हाताने माणसाचेही बंधन सोडावे, अशी त्याची शिकवण आहे. अनुभवही हेच सांगतो. ज्या घरात कुत्र्यासाठी पंधरा मिनिटे निघत नाहीत, त्या घरात आजीशी बोलायलाही पंधरा मिनिटे नसतात. अंगणातली साखळी ही त्या घराच्या घाईची पहिली खूण असते.

ख्रिस्ती लोकांनी हे पूर्वी ओळखले होते. इ. स. १८२४ मध्ये लंडनला प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, तिच्या पुढाकारात आर्थर ब्रूम नावाचे पाळक होते, आणि गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विल्यम विल्बरफोर्स हेही तिच्या संस्थापकांत होते. माणसाच्या बेड्या तोडण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्याला मुक्या जनावराचे दुःख क्षुल्लक वाटले नाही. त्या संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगातही जावे लागले. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. कुत्र्याला नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवणाऱ्या धन्याने त्याला पुरेसे हिंडविले नाही, तर तो गुन्हा आहे, असे त्याच्या अकराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे, आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हेही त्याच कलमात येते. सरकारचा कायदा जे मागतो त्याहून कमी ख्रिस्ती घरात असावे काय?

यात मुलांच्या जिवाचाही प्रश्न आहे. रात्रंदिवस बांधलेला कुत्रा चिडका होतो. त्याला माणसांत वावरण्याची सवय राहत नाही, आणि एखाद्या दिवशी साखळी तुटली तर तो लहानाला चावतो. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही त्याची लसही राहून जाते. पिसाळल्याचा रोग, म्हणजे रेबीज, माणसात एकदा दिसू लागला की बहुधा मृत्यूच येतो. पण वेळेवर लस घेतल्यास तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून हा मार्ग मोकळा केला. ६ जुलैच्या सुमारास पुष्कळ ठिकाणी सरकारी पशुदवाखान्यांत कुत्र्यांना मोफत लस टोचतात; त्याची चौकशी करावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. कोणालाही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. मिरची, चुना किंवा तेल लावून वेळ घालवू नये.

मग रोज किती वेळ द्यावा? सकाळी पंधरा मिनिटे आणि सायंकाळी पंधरा मिनिटे यांपासून आरंभ करता येईल. आपल्या भागात उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी आणि मावळल्यावरच कुत्र्याला फिरवावे, कारण माणसासारखा सर्व अंगाला घाम येऊन त्याचे शरीर थंड होत नाही. ते धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते, आणि तापलेल्या डांबरी रस्त्याने त्याचे पाय भाजतात. दिवसभर सावली आणि स्वच्छ पाणी हवे. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत जुने गोणपाट आणि वाऱ्याआडची जागा पुरे. कांदा घातलेला रस्सा आणि शिजवलेली टोकदार हाडे त्याला देऊ नयेत. रविवारी उपासनेनंतर सर्वांनी मिळून त्याचे गोचीड काढावेत, अंगावर जखम आहे का पाहावे. कोणी केव्हा न्यावयाचे, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे, म्हणजे 'मला वाटले तू सोडलेस' असे कोणी म्हणणार नाही. वेचणीच्या दिवसांत घरच्यांना जमत नसेल तर शेजाऱ्याच्या मोठ्या मुलाला सांगावे. आणि इतकेही शक्य नसेल, तर पिल्लू घरी आणूच नये. मुलाला प्रेमाने नाही म्हणणे हीही दया आहे.

या पंधरा मिनिटांत घरालाही काही लाभते. बाप आणि मुलगा कुत्र्याला घेऊन बांधावरून चालतात तेव्हा हातात मोबाईल नसतो. शाळेत काय झाले, मित्र का रुसला, अशा घरात न निघणाऱ्या गोष्टी तेथे निघतात. जनावराला सोडावयास गेलेला माणूस आपल्या कामाच्या जुवातून स्वतःही थोडा मोकळा होतो.

संडे-स्कूलच्या शिक्षकांनी हा पाठ अवश्य घ्यावा. लूक १३ मधील गोष्ट सांगून मुलांना तीन प्रश्न विचारावेत : तुमच्या घरच्या जनावराला सोडते कोण? नेते कोण? पाणी पाजते कोण? ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी शेजारच्या जनावराविषयी सांगावे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याला त्रास देऊ नये, आणि चावा किंवा ओरखडा लपवू नये, हेही त्याच तासाला शिकवावे. पुढच्या रविवारी कोणी काय केले ते विचारावे. मुले ऐकलेले विसरतील, पण आपल्या हाताने सोडलेली गाठ विसरणार नाहीत.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, चिमणीलाही न विसरणाऱ्या पित्या, तू जे मुके जीव आमच्या स्वाधीन केलेस त्यांना जाणावयास आम्हांस शिकव. आमच्या घाईतून आम्हांला सोडव, म्हणजे जे आमच्या दारी बांधलेले आहे ते सोडावयास आम्हांला वेळ मिळेल. आणि जी माणसे वाकलेली आहेत त्यांच्याकडेही आम्ही त्याच हातांनी जाऊ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.