कान्होबांच्या वाट्याचे कागद

पुण्याचा रिंगरोड आमच्या खेड तालुक्यातून जातो. वडिलांच्या जमिनीतला एक पट्टा त्यात गेला, मोबदला आला, आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली नव्हती म्हणून माझ्या हिश्शाचे ६२ लाख रुपये माझ्या बचत खात्यात जमा झाले. दादा काही महिने बोलत नव्हता. आता बोलतो. ते प्रकरण मिटलं.

न मिटलेलं प्रकरण म्हणजे या पैशाचं करायचं काय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. गळ्यात तुळशीची माळ आहे. पेन्शनवर माझं भागतं. एवढी रक्कम आल्यावर बँकेतले साहेब उठून खुर्ची देऊ लागले आणि चहाबरोबर एक विमा पॉलिसी पुढे सरकवू लागले. भाच्याने मोबाइलवर वर वर चढत जाणारी रेघ दाखवली, म्हणाला, "आत्या, एसआयपी कर, पंधरा वर्षं विसरून जा." मी चौसष्टची, पंधरा वर्षं विसरायची म्हणजे स्वतःलाच विसरायचं. दादाचं म्हणणं, शिरूरकडे जमीन घे. मुलाला वाकडला दुसरा फ्लॅट दिसत होता. देवळाच्या समितीचे लोक सभामंडपाचा नकाशा घेऊन आले. प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी परतावा किती, हाच विषय. समितीवाल्यांच्याही, फक्त त्यांचा परतावा पुढच्या जन्मी मिळणार होता.

माझी अडचण दुसरीच होती. त्या पट्ट्यात कांदा निघायचा तेव्हा तो कुठून आला हे मला ठाऊक असायचं. पाऊस, शेणखत, खुरपायला आलेल्या बाया, सगळं डोळ्यांसमोर. आता हा पैसा कुठेही ठेवला तरी त्यावर व्याज येणार. ते कोणाच्या घामातून येणार? आणि ज्या तुकोबांच्या बीजेला मी देहूला जाते त्यांनी घरची सावकारी इंद्रायणीत बुडवली, हे चौथीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवलं. मग माळ घालून व्याज खायचं की नाही?

ती गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते. देहूचं हे घर महाजनकी आणि सावकारीचं. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबांची थोरली बायको रखुमाई गेली, मुलगा संतू गेला. धंदा बसला. पुढे तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. हा डोंगर चाकणजवळचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला. आता त्याच्या आसपास कारखान्यांच्या शेड आहेत. परंपरा सांगते की धाकटा भाऊ कान्होबा शोधत तिथे पोचला, दोघे इंद्रायणीकाठी आले, आणि तुकोबांनी घरातली कर्जखतं मागवली. सगळीच बुडवायची त्यांची इच्छा होती. कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार करायचाय. मग खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला आणि आपला वाटा तुकोबांनी पाण्यात सोडला.

कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो पाण्यात गेलेल्या कागदांपाशी. उरलेल्या कागदांचं पुढे काय झालं हे कोणी बुवा सांगत नाही. कान्होबाने त्यांची वसुली केली असणार. कोणाकडून सबंध, कोणाकडून अर्धी, कोणाला सूट दिली असेल. त्यावर घर चाललं असेल. तुकोबांची दुसरी बायको जिजाई, जिला आपण आवली म्हणतो आणि कजाग ठरवून मोकळे होतो, तिच्या पोरांच्या ताटात त्यातलं काही आलंच असेल. कान्होबाला या कथेत कोणी पापी म्हटलेलं नाही. तुकोबांनीही म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचा वाटा मोजून दिला. माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोठा क्षण तो आहे. स्वतःचं सोडताना त्यांनी भावाला सोडायला लावलं नाही.

मग मी शास्त्र काय म्हणतं ते पाहिलं, आणि थोडी चिडलेच. मनुस्मृतीत व्याजाला बंदी नाही. दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, हा वसिष्ठांनी घालून दिलेला दर तिथे आहे. आणि लगेच पुढे, ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. दरमहा. ज्याच्याजवळ कमी त्याला महाग, हा आजच्या मायक्रोफायनान्सचाही नियम आहे, पण निदान तो श्लोकात बांधलेला नाही. कौटिल्य सरळ वाटतो. सव्वा टक्का धर्म्य, व्यापाऱ्याला पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. तिथे जात नाही, जोखीम मोजली आहे. एक गोष्ट मात्र मनूच्या पदरात टाकावीच लागते, ती दामदुपटीची. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. हा नियम इतका चिवट निघाला की इंग्रजांच्या काळात मुंबई हायकोर्टानेही तो मानला. आपल्याकडे व्याजाला पाप ठरवण्यापेक्षा त्याला कुठेतरी कुंपण घालण्याकडे कल होता, असं मला त्यातून दिसतं.

आणि कुंपण मोडलं की काय होतं तेही आपल्याच जिल्ह्यात झालं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि दस्त, खतावण्या काढून जाळल्या. दंगा गावोगाव पसरला. माणसांना मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदांवर होता. चौकशीला सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सुपे आणि देहू एकाच जिल्ह्यात. तुकोबांना जाऊन तेव्हा सव्वादोनशे वर्षं झाली होती. एका जागी सावकाराने आपणहून कागद बुडवले, दुसरीकडे कुळांनी ते ओढून काढून जाळले. मधल्या काळात देहूच्या वाटेने किती सावकार वारीला गेले असतील!

इथवर आल्यावर मला माझा प्रश्न नीट दिसू लागला. तुकोबांना सोडता आलं, कारण सोडायला त्यांच्या हातात काहीतरी होतं. खतावर नाव होतं, त्या नावाचा माणूस गावात होता, दुष्काळात त्याचे बैल मेले हे त्यांनी पाहिलं होतं. मी बँकेत मुदत ठेव ठेवली तर माझ्या हातात पावती येते आणि तिच्यावर माझंच नाव असतं. माझा पैसा बँक कोणाला देते, कोणाचा ट्रॅक्टर ओढून नेते, मला कळत नाही. उद्या मला वाटलं की अमक्याला माफ करावं, तर अमका आहे कुठे? व्याज खाणारी मी आहेच, पण माफ करण्याचा अधिकार माझ्याकडून केव्हाच काढून घेतलेला आहे. व्याज घेण्यापेक्षा हे मला जास्त बोचतं.

म्हणून पहिला विचार गावच्या पतसंस्थेचा आला. तिथे चेहरे आहेत. काउंटरवर माझा विद्यार्थी बसतो, चौथीत त्याला पाढे येत नव्हते, आता तो व्याज काढतो. कर्ज कोणी घेतलंय हे चावडीवर कळतं. दरही बँकेपेक्षा दीड-दोन टक्क्यांनी जास्त. त्यालाच विचारलं, "बुडाली तर?" तो खाली बघून म्हणाला, "बाई, बँकेला पाच लाखांपर्यंत विमा असतो. आपल्याला नसतो." खरं बोलला. हा ठेव विमा २०२० पर्यंत फक्त एक लाखाचा होता, आता पाच लाखांचा आहे, आणि तो सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपये काढायची मुभा होती, ते चित्र टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. पुण्याची रुपी बँक २०२२ मध्ये परवाना रद्द होऊन बंद झाली, तिच्या ठेवीदारांनी नऊ वर्षं निर्बंधांत काढली होती. चेहरा ओळखीचा असला म्हणून तिजोरी भरलेली असते असं नाही. शिवाय संचालकाचा मेव्हणा हाही ओळखीचाच चेहरा असतो.

सोन्याचाही विचार केला. सोनं कोणाला छळत नाही, कोणाच्या उपयोगीही पडत नाही, आणि मला रात्री झोपू देणार नाही. जमीन घ्यायला गेले असते तर घेता आली असती, मी खातेदार आहे. पण शिरूरकडे जो विकत होता त्याने मुलीच्या लग्नासाठी आणि बोअरच्या कर्जापायी विकायला काढली होती. माझी रस्त्यात गेली म्हणून त्याची मी घ्यायची, हे मनाला पटलं नाही. दादाला पटलं, त्याने घेतली. तो ती कसतोय, आणि चांगली कसतोय, हेही सांगायला हवं.

मंदिर समितीला पाच हजार दिले. सगळं देऊन टाक असं सुचवणारेही भेटले, तुकोबांचं नाव घेऊनच. पण तुकोबांनी धन जोडायला कुठे बंदी केलेली नाही. व्यवहार चांगला हवा आणि खर्चताना त्यात जीव अडकलेला नको, एवढंच ते मागतात. पैशाला भिऊन तो देवळात टाकणं यात मला वैराग्य दिसत नाही. आणि माझ्यामागे निस्तरायला आवली नाही, मुलगा आणि मुलगी आहेत.

शेवटी केलं ते असं. मुलाच्या गृहकर्जाचे १२ लाख फेडले. दुसऱ्या फ्लॅटचं नाव काढू नकोस म्हटलं. कर्ज फिटल्याचा कागद घेऊन तो आला तेव्हा सून म्हणाली, "आई, आता मी नोकरी बदलायचा विचार करू शकते," आणि मला कळलं की त्या घरात हप्ता हे सहावं माणूस होतं. मुलीला तेवढेच १२ दिले. मी स्वतः वाटा मागितलेली बाई, मुलीला कमी कशी देऊ? ३० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, ती तिची कमाल मर्यादा आहे. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. इथेही व्याज आहेच. पण माझा ऋणको सरकार आहे, अल्पबचतीचा पैसा त्याच्याच खर्चाला जातो. सरकार कर्ज काढून रस्ते करतं, त्यासाठी माझी जमीन घेतं, पैसे देतं, आणि तेच पैसे माझ्याकडून पुन्हा कर्जाऊ घेतं. पोस्टमास्तरांना हे बोलून दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, "बाई, वारस नोंदवायचा राहिलाय, इथे सही करा." हा झाला माझा कान्होबाचा वाटा. तो मी लाज न बाळगता घेते.

राहिले आठ. चार राष्ट्रीयीकृत बँकेत आजारपणासाठी. उरलेले चार उसने द्यायला काढून ठेवलेत, बिनव्याजी. व्याजाने द्यायचे तर सावकारीचा परवाना लागतो. असे द्यायला लागत नाही. वहीच्या पानावर नाव, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. एक पान माझ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. पहिले ८० हजार दोन म्हशींसाठी गेले, दुसरे ३५ हजार नर्सिंगच्या फीसाठी. म्हशीवाली बाई दर महिन्याला चार हजार देते आणि नको म्हटलं तरी सोबत दुधाची बाटली ठेवते. बाटली व्याजात धरायची का, यावर माझा आणि भाच्याचा वाद अजून चालू आहे. तो म्हणतो, धरायची. मी दुधाचे पैसे देते, ती घेत नाही.

फीवाल्या मुलीचा हप्ता बरेच दिवस आलेला नाही. ती रस्त्यात दिसली की बाजूने निघून जाते. तिचं पान आता माझ्या हातात आहे, आणि ते फाडायचा अधिकारही. पण तिला खरंच जमत नाहीये की नुसती लाज वाटतेय, हे कळल्याशिवाय फाडलं तर ती माफी होणार नाही, माझी सुटका होईल. रविवारी तिच्या आईकडे जाऊन बसणार आहे.