आकड्याचं वय

सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. समितीपुढच्या तक्त्यात प्रत्येक नावासमोर एच-इंडेक्स लिहिलेला, म्हणजे जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले संदर्भ, मिळाली तो आकडा. सर्वांत खालच्या मुलीचा होता 3.

"हिला आत बोलवायचं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेपर किती आहेत तिचे?" सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या.

"तीन."

"मग आकडा तीनच्या वर जाईल कसा? उलट तिन्ही पेपरांची इतरांनी दखल घेतलीय. आपल्या पहिल्या उमेदवाराची पंधरा वर्षं झालीत संशोधनात. सर, हा आकडा वयाबरोबर चढतो, उतरत कधीच नाही. मी प्रयोगशाळा सोडली, तरी माझा वाढतोच आहे. 2005 मध्ये हर्श यांनी तो मांडला, तेव्हाच कारकिर्दीच्या वर्षांनी भागून बघण्याचा मार्गही सांगितला होता."

"मग भागू या."

"भागा. पण शंभूनाथ डे यांना या तक्त्यात कुठे बसवाल?"

नाव कुणाच्या ओळखीचं दिसेना. बाईंना त्याचं वाईट वाटलं. त्या सांगू लागल्या.

कोलकात्याचे डॉक्टर. साधनं तुटपुंजी, भोवती पटकीचे रोगी. त्यांनी पटकीचे जंतू वाढवले, मग ते गाळून काढले आणि उरलेला जंतुविरहित द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. रोग्याच्या शरीरातलं पाणी ओढून काढतं ते जंतूंनी सोडलेलं विष, हे त्यातून सिद्ध झालं. 1959 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि सुरुवातीला त्याचं महत्त्व कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे मात्र पटकीवरच्या संशोधनाला त्या निबंधावाचून पुढे जाता येईना. 1978 मध्ये नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, तेव्हा डे निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. 1985 मध्ये ते गेले. सायटेशन मोजण्याचं शास्त्र उभारणारे युजीन गारफिल्ड यांनी त्यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला 1986 मध्ये. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नव्हतं.

"1960 साली ते आपल्यासमोर बसले असते," बाई म्हणाल्या, "तर त्यांची योग्यता ओळखायला एकच मार्ग होता. तो निबंध वाचणं."

अध्यक्षांनी तिन्ही पेपरांच्या प्रती मागवल्या. मुलाखती तासभर उशिरा सुरू झाल्या. मुलगी आत आली तेव्हा कुणी एच-इंडेक्सचा विषय काढला नाही.

"कोकणातला कातळसडा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो," अध्यक्ष पान उलटत म्हणाले. "त्यात हे जीवाणू तगतात कसे, ते दुसऱ्या पेपरात अर्धवट राहिलंय. पुढे काय करायचं ठरवलंय तुम्ही?"