न संपणारी कामं

एप्रिल अर्धा सरला की आमच्या नेहरूनगरात, म्हणजे कुर्ल्याच्या पूर्वेला, दोनच विषय निघतात: गळती आणि गाव. गच्चीवर डांबर टाकायचं, खिडकीवरचा पत्रा बदलायचा, मोरीतला ठिबकणारा नळ एकदाचा बसवून घ्यायचा, हे सगळं मृगाच्या आत व्हायला हवं. मुलांना सुट्टी लागलेली असते, तेव्हा गावी जाऊन यायचं तेही मृगाच्या आतच. पैसे मात्र एकाच डब्यातले. त्यामुळे ‘यंदा घर की गाव?’ हा वाद इथल्या घराघरांत रंगतो आणि बहुतेकदा घर जिंकतं. गावाला थांबवून ठेवता येतं, छताला येत नाही.

वर्षानुवर्षं हा वाद ऐकताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. घराचं काम असो की सहल, दोन्हींना शेवटचा दिवस असतो. रंग वाळतो, गवंडी राहिलेले पैसे घेऊन जातो, सहलीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतात, ‘छान झाली हो ट्रिप’ म्हणून पाच-दहा अंगठे येतात. जे संपतं त्याचं कौतुक करायला मुहूर्त मिळतो. जे संपतच नाही त्याचं कधी करायचं?

माझ्या नवऱ्याने एकदा स्वयंपाकघरात फळी ठोकली. ठोकली कसली, सोहळाच होता तो. खालच्या मजल्यावरून ड्रिल मशीन मागून आणलं. एक पोरगं स्टूल धरायला, दुसरं टॉर्च धरायला आणि मी लांब उभी राहून ‘डावीकडे जरा वर’ म्हणायला. अख्ख्या मजल्याला कळलं की आज यांच्याकडे काम निघालंय. फळी झाली मात्र फर्मास. आजही ती तसूभर कलंडलेली नाही, आणि नव्या पाहुण्याला अजून दाखवली जाते. हायवे हाकेच्या अंतरावर असल्याने तिच्यावर रोज बोटभर धूळ बसते. ती पुसायला स्टूल धरणारं कुणी लागत नाही, आणि ‘वा, आज काय पुसलीय!’ असं म्हणायला पाहुणाही येत नाही. यात नवऱ्याचा दोष आहे असं मला वाटत नाही. फळी ठोकणं ही घटना आहे, पुसणं ही घटना नाही. आपल्या डोळ्यांना घटनाच दिसतात.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने लोक आपला वेळ कशात घालवतात याची मोठी पाहणी २०१९ साली केली आणि पुन्हा २०२४ साली. विनामोबदला घरकामात बायकांची रोजची २९९ मिनिटं जात होती, ती २८९ झाली. पुरुषांची ९७ होती, ती ८८ झाली. हे आकडेही जे घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरतेच आहेत. जे लावतच नाहीत, त्यांची यात गणतीच नाही. पहिल्यांदा वाचताना बायकांची १० मिनिटं वाचली म्हणून मला बरं वाटलं. मग शेजारचा आकडा पाहिला. तिची १० मिनिटं कमी झाली तेव्हा ती त्याने उचलली असतील, असं आपण धरून चालतो. तर त्याचीही ९ कमी झालेली! कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा आणखी कशाने असेल ते असो, नवऱ्याने नव्हे.

घटना दिसते, देखभाल दिसत नाही, हे कुर्लेकराला समजायला खरं तर सोपं जावं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती हार्बर मार्गाने आमच्या कुर्ल्याला आली. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. २०२५ मध्ये या घटनेची शताब्दी झाली, लेख आले, फोटो आले. ती गाडी शंभर वर्षं धावती राहिली, कारण शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत कुणीतरी रुळांवर उतरून तारा तपासतं, खडी सारखी करतं. रात्र पुरली नाही तर रविवारी मेगाब्लॉक घेतला जातो, आणि फलाटावर उभे राहून आपण त्याला शिव्या घालतो. घराचंही थोडंफार असंच आहे. झेंडा दाखवलेल्या दिवसाची तारीख पाठ असते. देखभाल आठवते ती अडल्यावरच: पोळीवाल्या बाई आल्या नाहीत, किंवा आईला ताप आला, म्हणजे.

याच कुर्ल्यात न संपणाऱ्या कामांनी घरं तगवल्याचंही पाहिलं आहे. डबघाईला आलेली धरमसी मिल १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी विकत घेतली आणि तिचं नाव ‘स्वदेशी’ ठेवलं. चुनाभट्टीजवळची ही गिरणी शतकाहून अधिक काळ चालली आणि २००० साली बंद पडली. पलीकडे पश्चिमेला प्रीमियरचा कारखाना होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी तिथेच तयार व्हायची. तोही थंडावला. अशा कारखान्यांतली माणसं पन्नाशीच्या आतबाहेर एकदम घरी बसली. पगार ही संपणारी गोष्ट निघाली. मग अनेक घरांत काय चाललं? घरचे डबे बाहेर जाऊ लागले. शिलाई मशीनची टकटक वाढली. पापड लाटले गेले, शिकवण्या निघाल्या. ज्या कामांना तोवर ‘ती घरीच असते’ म्हटलं जायचं, त्याच कामांवर शाळेची फी आणि विजेचं बिल भरलं गेलं. आमच्या ओळखीतल्या एका गिरणी कामगाराने त्या काळात काही न बोलता एक बदल केला. पहाटे पाणी यायचं तेव्हा उठून सगळी पिंपं तो भरू लागला. बायकोने डब्यांची कणीक मळायला घ्यायच्या आत पाणी भरलेलं असायचं. दोघांपैकी कुणी कुणाचे आभार मानल्याचं मी ऐकलं नाही. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तरी पहाटेचं पाणी त्याच्याकडेच राहिलं. नवरा-बायकोतली कृतज्ञता कशी दिसते, असं कुणी विचारलं तर मी या पिंपांकडे बोट दाखवीन.

कारण नुसत्या गोड शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही. ‘तू आहेस म्हणून घर चालतंय गं’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘पुढेही तूच चालव’ असा असतो. आभार मानून काम जिथल्या तिथे ठेवायचं ही लबाडी आहे, मग ती कितीही प्रेमाची का असेना. लग्नाच्या वाढदिवसाला साडी आणावी, जरूर आणावी. पण साडीने मोरीची जाळी साफ होत नाही.

सुनीता देशपांडे यांचं आत्मकथन ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे पु.लं.च्या, कित्येक चाहत्यांना ते रुचलं नाही. मैफिलीतलं हसू आपल्याला हवं होतं. त्या मैफिलीमागचं घर कुणी कसं सांभाळलं, याचा इतका स्पष्ट हिशेब नको होता. बायकोने हिशेब मांडला की प्रेम कमी पडलं असावं, अशी आपली समजूत असते. मला उलटं वाटतं. जिथे हिशेब मांडायची सोय असते तिथेच माणूस मोकळेपणाने देतो.

पुरुषांचीही न दिसणारी कामं असतात, हे मान्य. हार्बरवरून मेन लाइनला जाताना कुर्ल्याच्या पुलावरची ती गर्दी वर्षानुवर्षं खांद्याने रेटत रोज वेळेवर पोहोचणं म्हणजे गंमत नव्हे. त्याचीही दखल घेतली जात नाही. फक्त, घरात बायको असेल तर हल्ली तोच पूल तीही रेटत असते आणि वर घरी येऊन कुकर लावते.

आता सहलीकडे येते. सहल डेपोतून एसटी सुटल्यावर सुरू होते असं घरातल्या बाकीच्यांना वाटतं. ती त्याच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी डोक्यात सुरू झालेली असते. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. म्हणजे कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट हवं तर साठावा दिवस कुणीतरी लक्षात ठेवायला हवा. शिवाय दूधवाल्याला सांगणं, पेपर बंद करणं, तांदळात कडुनिंबाचा पाला घालणं, शेजारी किल्ली देऊन तुळशीला पाणी घालायची विनंती, धाकट्याच्या उलटीच्या गोळ्या, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि निघताना गॅसची कळ बंद केली का हे पुन्हा एकदा बघून येणं. तोवर खाली रिक्षात बसून कुणीतरी ओरडत असतं, ‘अगं, किती वेळ!’ गावी पोहोचलं की पडवीत ऐसपैस बसायला मिळतं ते ओरडणाऱ्याला. दशम्या करणारी आत चुलीपाशी, सासरच्या पंधरा माणसांच्या भाकऱ्यांना. तिची सहल झाली असं म्हणायची माझी तरी तयारी नाही. तिची फक्त बदली झाली.

आमच्याच कॉलनीतलं एक निवृत्त जोडपं याला तोड काढून बसलं आहे. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना आहे, चार दिवसांची आणि सात दिवसांची. काका सात दिवसांचा पास काढतात आणि दोघं निघतात. नातेवाइकांकडे उतरायचं नाही, हा काकूंचा नियम. पिशवीत खाण्याचा डबा घ्यायचा नाही, हा काकांचा, आणि त्यावर ते ठाम असतात. जे स्टँड येईल तिथल्या उसळ-पावावर दिवस काढतात. परत आल्यावर काकूंना विचारलं, काय पाहिलं? तर देवळं-किल्ले राहिले बाजूला, त्या म्हणाल्या, ‘सात दिवस संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न पडला नाही गं.’

तेव्हा यंदा घर जिंको की गाव, वाचकांपैकी पुरुष मंडळींना एक विनंती. निघायची तयारी या खेपेला तुम्ही करा, आणि त्यासाठी तिच्याकडे यादी मागू नका. यादी करणं हेच निम्मं काम असतं. तिकिटाची काळजी करू नका. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मंच भाडं पडतं. जे पैसे वाचतील त्यात वाटेतलं एक जेवण दोघांनी खानावळीत बसून घ्या, आणि पहिलं ताट तिच्यापुढे ठेवायला सांगा.